मदत हवी आहे : लांबच्या सागरी सफरीनंतर दादा मुरगावला उतरतोय, घरच्यांनी काय काळजी घ्यावी?

नमस्कार. माझा मोठा भाऊ शिडाच्या बोटीवर सेशेल्सहून निघालाय. मेच्या मध्याला मुरगाव बंदरात पोचतील असा अंदाज आहे. सरळ रेषेत साधारण १६०० सागरी मैल, पण विषुववृत्तापाशी वारा पडला की बोट जागच्या जागी डुलत राहते, त्यामुळे नक्की तारीख सांगता येत नाही. बोट परदेशी नोंदणीची आणि माणसं दोनच, दादा आणि कप्तान.

आम्ही वास्कोला राहतो. आईने तो येईल त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलवायचं ठरवलंय, आणि मला धास्ती वाटतेय. मागच्या सफरीहून आला तेव्हा रात्री दर तीन तासांनी उठून गॅलरीत जायचा, आकाश बघायचा. अंघोळीला गेला की भिंत धरून उभा राहायचा. कुणी काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा. पोरगा परका झाला, असं म्हणून आई रडली होती.

जमिनीवर आल्यावरही हे डुलल्यासारखं वाटणं किती दिवस राहतं? आम्ही नेमकं काय करावं? आणि दादा भारतीयच आहे, म्हणजे बोट लागली की लगेच भेटता येईल ना? बोट येताना कुठून दिसेल?

प्रतिसाद :

ताई, लगेच भेट होणार नाही, आईंना आधीच सांगून ठेवा. परदेशातून आलेली बोट पिवळं निशाण चढवून थांबते. आरोग्य तपासणी, इमिग्रेशन, कस्टम्स उरकेपर्यंत बोटीवरचा माणूस खाली उतरत नाही आणि किनाऱ्यावरचा वर चढत नाही. भारतीय पासपोर्ट असला तरी हेच. कप्तानाने बंदरातली ही कागदपत्रं उरकायला एजंट नेमलाय का, एवढं विचारून घ्या.

रात्री जवळ आले तर बहुधा बाहेरच थांबतील. मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते, म्हणजे मेमध्ये ट्रॉलर आणि जाळी भरपूर. अंधारात जाळं दिसत नाही आणि दोरी बोटीखालच्या पंख्यात गुंतली की इंजिन गेलं. आग्वादच्या दीपगृहाचा झोत दिसत असला तरी उजाडेपर्यंत थांबणं हेच शहाणपण. ‘गोवा दिसतंय’ असा मेसेज आला आणि बोट तासन्‌तास आली नाही, तर घाबरू नका.

बघायला सकाळी वास्कोजवळच्या हेडलँड सड्यावर जा. सूर्य पाठीशी असतो, पांढरं शीड लांबूनही उठून दिसतं. दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं.

आता डुलण्याचं. मेंदूला हेलकाव्यांची सवय झालेली असते, जमिनीवर आल्यावरही तो तोल सावरतच राहतो. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत ओसरतं. बंद न्हाणीघरात क्षितिज दिसत नाही, म्हणून तिथे जास्त जाणवतं. बसून अंघोळीला स्टूल द्या, दाराला आतून कडी नको. महिना उलटूनही राहिलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

दोनच माणसं असली की पहारा तीन-चार तासांच्या पाळ्यांनी चालतो, झोप तशीच तुटक होऊन बसते. उठला तर उठू दे, तुम्ही सोबत जागू नका. खाऱ्या पाण्याने मांड्यांना, बुडाला फोड येतात आणि माणूस लाजेने सांगत नाही. भरपूर गोडं पाणी आणि सैल सुती कपडे तयार ठेवा. पहिल्या दिवशी गर्दी नको. पेज, ताजी भाजी, फळं पुरे. आठवडाभराने हवी तेवढी पंगत घाला. तुमचा भाऊ तुटलेला नाही हो, फक्त माणसांच्या आवाजाची सवय सुटलेली असते.

बोट पुढे पणजीला न्यायची असेल तर पावसाआधीच न्या. पावसाळ्यात आग्वादपाशी वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचं तोंड धोक्याचं होतं, बार्जसुद्धा जुवारीतून कुंभारजुवे कालव्याने जातात.

धागाकर्ती :

मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, जेवण पुढच्या आठवड्यावर टाकलंय. एक विचारायचं राहिलं. ताळगावची मावशी दोना पावलाच्या जेटीवर जाऊन बघते म्हणते. तिथून दिसेल का?

प्रतिसाद :

दिसेल. मुरगाव बंदर तिथून समोरच आहे. दुर्बीण असली तर घेऊन जायला सांगा.