नाव कुणी ठेवले आणि का? दुर्मीळ नावांचे अनुभव

ज्यांचे स्वतःचे किंवा घरातल्या कुणाचे नाव सहसा ऐकू येत नाही, त्यांनी त्या नावामागची हकीकत इथे लिहावी, अशी विनंती आहे. नावाचा कोशातला अर्थ पुरेसा नाही. ते कुणी ठेवले, घरात तेव्हा काय परिस्थिती होती आणि पुढे त्या माणसाने ते नाव कसे वागवले, हे कळावे. परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या नावांबद्दलही जरूर लिहावे, मात्र ज्याची खात्री आहे तेवढेच.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. कानाला विचित्र वाटणारी बहुतेक जुनी नावे हौसेने नव्हे, काळजीपोटी ठेवलेली असतात. धोंडो, दगडू, भिकाजी, केरबा ही नावे घ्या. आधीची मुले दगावली की नंतरच्या मुलाला दगडाचे, भिकेचे, केराचे नाव द्यायचे, म्हणजे त्याच्यावर कुणाची दृष्ट पडणार नाही आणि मृत्यूलाही ते न्यावेसे वाटणार नाही, ही त्यामागची धारणा. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्यामुळे त्यातले एक नाव सर्वांच्या परिचयाचे झाले. बाकीची आता शाळेच्या पटावर दिसत नाहीत.

चोपडा, जळगाव जिल्हा. निवृत्त शिक्षिका

माझ्या आजोबांचे नाव सुपडू. खानदेशातल्या जुन्या पिढीत हे नाव, आणि बायकांमध्ये सुपडाबाई, पुष्कळ आढळते. बाहेर मात्र ते सांगितले की समोरचा माणूस पुन्हा एकदा विचारतो. आजोबांच्या आधीची दोन भावंडे वर्ष पुरे होण्याआधीच गेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे दोनशे पहिल्याच वर्षात दगावत असत, त्यामुळे हे दुःख गावात घरोघरी होते. तिसरे मूल झाले तेव्हा पणजीच्या सासूने त्याला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून सुपात ठेवले, ते सूप उंबऱ्यापासून अंगणाच्या कडेच्या उकिरड्यापर्यंत ओढत नेले आणि मागे न पाहता ती घरात आली. ठरल्याप्रमाणे शेजारीण तिथे गेली, तिने सूप उचलले, ‘मला पोर सापडलं, कुणाला हवं का?’ असे विचारत ती आमच्याच दारात आली आणि पणजीने स्वतःचे मूल पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतले. त्यानंतर कुणी विचारले तर हे मूल विकतचे आहे, असेच घरात सांगायचे.

मी आजीला विचारले होते की टोपली, पाटी असे काहीही चालले असते, मग सूपच का? ती म्हणाली की सुपात पाखडले की फोल उडते आणि दाणा राहतो. हे तिचे स्वतःचे उत्तर होते की पूर्वापार चालत आलेले, हे मला ठाऊक नाही. पण याहून चांगले उत्तर मी अजून ऐकलेले नाही. आजोबांना नोकरी लागली तेव्हा कागदोपत्री ‘सुरेश’ करून घ्या, असे एकाने सुचवले होते. त्यांनी ते ऐकले नाही. आईने मोल देऊन घेतलेले नाव आपण फुकट टाकायचे नाही, असे ते म्हणत.

नोकरीच्या काळात जुन्या दाखल्यांवर मी उकिर्डा आणि झिपरू ही नावेही पाहिली. विदर्भातून आलेल्या एका कुटुंबात आजोबांचे नाव कवडू होते, म्हणजे कवडीच्या मोलाने घेतलेला. चाल तीच, फक्त मोल निराळे.

अंकारा. संशोधक विद्यार्थी

वरचे वाचून लिहितो आहे. तुर्कस्तानात जुन्या पिढीत ‘सातिल्मिश’ हे पुरुषाचे नाव आढळते आणि त्याचा अर्थ आहे ‘विकलेला’. नवसाने झालेले किंवा जगावे म्हणून एखाद्या संताच्या ओटीत घातलेले मूल, असा त्याचा आशय. ‘दुरसुन’ म्हणजे ‘राहो, थांबो’. हेही आधीची मुले गेल्यानंतर ठेवायचे नाव. मुलींमध्ये ‘येतेर’ आहे. त्याचा अर्थ ‘पुरे’. मुली पुरे झाल्या, आता मुलगा व्हावा, यासाठी ते ठेवत. या नावाच्या वयस्क बायका इथे भेटतात आणि अर्थ विचारला की शांतपणे सांगतात. ऐकणाऱ्यालाच पुढे काय बोलावे ते सुचत नाही.

लागोस, नायजेरिया. बालरोगतज्ज्ञ, मूळ गाव नंदुरबार

योरुबा समाजात ‘आबिकु’ ही कल्पना आहे. तेच मूल त्याच आईच्या पोटी पुन्हा पुन्हा जन्म घेते आणि पुन्हा पुन्हा मरते, अशी ती समजूत. अशा घरात मूल झाले की त्याला नावातूनच विनवणी केली जाते. ‘मालोमो’ म्हणजे ‘आता पुन्हा जाऊ नकोस’, ‘दुरोजाये’ म्हणजे ‘थांब आणि आयुष्याचा उपभोग घे’, ‘कोकुमो’ म्हणजे ‘हा आता मरणार नाही’. आमच्या विभागातल्या एका परिचारिकेच्या वडिलांचे नाव कोकुमो होते आणि ते नातवंडे पाहून गेले, हे ती फार समाधानाने सांगते.

एकाच घरात एकामागून एक मुले का जात असावीत, याचा विचार करताना अनेक अभ्यासकांनी आबिकुचा संबंध सिकलसेल या आनुवंशिक आजाराशी जोडला आहे. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, आणि पूर्वी अशी बहुतेक मुले लहानपणीच दगावत. नायजेरियात या आजाराचा भार जगात सर्वाधिक आहे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांतही तो आहे. आपल्याकडच्या ज्या पाड्यांवर मूल जगत नाही म्हणून सटवाईला बोल लावला गेला, त्यातल्या काही घरांत हाच आजार असणार, असे मला एक डॉक्टर म्हणून वाटते. सिकलसेलची तपासणी करून घ्या, असे सांगताना इथली जुनी नावे मला उपयोगी पडतात. घराण्यात मालोमो किंवा कोकुमो नाव असल्याचे कळले की मी मागच्या पिढ्यांची अधिक चौकशी करतो.

योरुबांमध्ये काही नावे मूल जन्मताच सोबत घेऊन येते, असेही मानतात. जुळ्यांपैकी आधी येणारा ‘ताइवो’, म्हणजे जगाची चव पाहायला पुढे आलेला. नंतर येणारा ‘केहिंदे’. गंमत वाटेल, पण नंतर आलेला थोरला मानतात, कारण त्यानेच धाकट्याला पाहणी करायला पुढे पाठवलेले असते. जन्मतः जटांसारखे केस असलेल्या मुलाला ‘दादा’ म्हणतात आणि त्याच्या केसांना सहज कात्री लावत नाहीत. चोपड्याच्या बाईंनी लिहिलेल्या झिपरू या नावाची मला इथे आठवण झाली.

सातारा जिल्हा. अंगणवाडीताई

आमच्या भागात ‘नकुशी’ नाव होते हे लपवण्यात अर्थ नाही. दोन-तीन मुलींवर पुन्हा मुलगी झाली की तिला नकुशी म्हणायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल, ही समजूत. वर तुर्कस्तानातले ‘पुरे’ वाचले आणि चीनमध्येही ‘चाओदी’, म्हणजे ‘धाकट्या भावाला बोलावून आण’, असे मुलीचे नाव असते हे ऐकून होते. त्यामुळे हे पाप एकट्या आपले नाही, हे कळते. त्याने ते हलके मात्र होत नाही. दगडू या नावात मूल राहावे ही इच्छा आहे. नकुशी या नावात ती नाही. ही दोन्ही नावे एका पंक्तीत बसवू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांत पाळण्यातल्या मुली नव्हत्या. कळत्या वयाच्या होत्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीने आपले नाव स्वतः निवडले आणि पुढे कित्येक दिवस वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ती ते लिहीत होती. तिची आई मात्र हाक मारताना अडखळायची, आणि आजी तर जुन्याच नावाने हाक मारी. पहिल्यांदा ती मुलगी ओ देईना. मग आजीही हळूहळू बदलली.

पालघर जिल्हा. आश्रमशाळेतील शिक्षक

आमच्याकडच्या वारली आणि इतर आदिवासी घरांत मूल ज्या वारी झाले त्या वाराचे नाव ठेवण्याची रीत होती. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. ज्यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोहोचली त्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या वडिलांचे नाव त्यातलेच. आता मुलांची नावे मालिकांतली असतात आणि पालकांच्या रकान्यात बुध्या, शुक्र्या असतात. प्रवेशाच्या वेळी काही मुले वडिलांचे नाव हळू आवाजात सांगतात, म्हणून मी ते मोठ्याने आणि नीट उच्चारून लिहून घेतो.

आक्रा, घाना. अभियंता

पालघरच्या गुरुजींनी आपल्या विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे. इथल्या आकान समाजात वाराचे नाव प्रत्येकाला मिळतेच, मग तो राष्ट्रप्रमुख असो की मासे विकणारा. सोमवारचा कोजो, बुधवारचा क्वाकु, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. घानाला स्वातंत्र्य मिळवून देणारे क्वामे न्क्रुमा हे शनिवारचे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचे पूर्ण नाव कोफी अट्टा अन्नान. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, अट्टा म्हणजे जुळ्यांतला आणि अन्नान म्हणजे चौथे अपत्य. माणसाच्या जन्माची सगळी हकीकत तीन शब्दांत आली. आमच्या कार्यालयात नवीन माणसाला आधी वार विचारतात. माझा जन्म मंगळवारचा, त्यामुळे मी इथे क्वाबेना आहे.

ठाणे. बेने इस्राएल (कोकणातील ज्यू) कुटुंबातील गृहिणी

आमच्या पूर्वजांची नावे ऐकून पुष्कळांना ती मावळ्यांची वाटतात. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, शार हारहमीम, १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे त्यांच्या मराठी नावाने सामाजी हसाजी दिवेकर होते. सॅम्युएलचा सामाजी आणि इझिकेलचा हसाजी. त्याच रीतीने मोझेसचा मुसाजी आणि एलियाचा एलोजी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलघाणे चालवताना, शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ म्हणवून घेताना, आमच्या लोकांनी बायबलमधली नावे टाकली नाहीत, फक्त त्यांना आदरार्थी ‘जी’ जोडून गावात वावरण्याजोगी केली. आडनावे गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, नवगावकर. एकोणिसाव्या शतकात हिब्रूचे शिक्षण वाढले तशी मूळ रूपे परत आली आणि सामाजीचा नातू सॅम्युएल झाला. माझे सासरे मात्र घरात मुसाजीच होते. मलिद्याच्या विधीच्या वेळी, एलियाहू हन्नबी म्हणजे प्रेषित एलिया यांचे स्मरण करताना, घरातल्या गेलेल्या माणसांची जुनीच नावे आम्ही घेतो.

बीड जिल्हा. शेतकरी

आजोबा हैबती. हैबत हा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ दरारा. आमच्या भावकीत पिराजी आहेत, सुभानराव होते, आणि सगळे वारकरी. नावावरून माणसाचा धर्म ठरवणाऱ्यांना मी भोसले घराण्याचा दाखला देतो. मालोजीराजांनी पुत्रप्राप्तीसाठी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदी ते पंढरपूर या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. माउलींच्या वारीत ज्यांचे नाव रोज आदराने घेतात त्यांच्या नावाला परके कोण म्हणणार?

बार्देश, गोवा. ग्रंथपाल

माझे नाव मिलाग्रिन. पोर्तुगीज भाषेत ‘मिलाग्रिस’ म्हणजे चमत्कार. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, आईने नवस केला होता. ही सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी, असे आमच्याकडे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात, आणि ईस्टरनंतरच्या फेस्ताला दोन्ही समाजांचे लोक तेल घेऊन येतात. वडील कायतान. ते नाव संत कायतानावरून आले आणि त्याचा उगम इटलीतल्या गाएता या गावात आहे. इटलीतल्या एका गावाचे नाव माझ्या वडिलांनी, जे गोव्याबाहेर क्वचितच गेले, जन्मभर वागवले.

पुणे. सेवानिवृत्त बँक कर्मचारी

दुर्मीळ नावांबद्दल बोलताना पुसली गेलेली नावेही मोजावीत, असे मला वाटते. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून पहिले नाव माहेरी राहते. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी आनंदीबाई जोशी या माहेरच्या यमुना. वर ज्यांचा उल्लेख आला त्या अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या माहेरच्या गोदूबाई. दोघींनाही सासरी एकच नाव मिळाले.

माझ्या आजीला आम्ही सगळे लक्ष्मीबाई म्हणून ओळखत होतो. तिच्या माहेरच्या जमिनीचा प्रश्न निघाला तेव्हा सात-बाराच्या उताऱ्यावर लक्ष्मी कुठेच नव्हती. होती ती ‘चिमणा’. चिमणा आणि लक्ष्मीबाई ही एकच व्यक्ती आहे, असे प्रतिज्ञापत्र आम्हा नातवंडांना करून द्यावे लागले. ते लिहिताना माझ्या आत्याला पहिल्यांदाच कळले की आपल्या आईला लहानपणी कोणत्या नावाने हाक मारत असत. तेव्हापासून घराण्यातल्या प्रत्येक बाईची दोन्ही नावे मी एका वहीत उतरवून ठेवतो आहे. मधल्या काकूंचे माहेरचे नाव अजून मिळालेले नाही. त्यांच्या भाच्याला वाईला पत्र घातले आहे.