ब्लोअर फक्त चौथ्या वेगावर चालतो : सोलापुरात वायरिंगचे काम कोणाकडे द्यावे?

प्रश्न :
माझ्या 2006 सालच्या पेट्रोल गाडीचा ब्लोअर पहिल्या तीन वेगांवर मुळीच चालत नाही; नॉब चौथ्यावर नेला की मात्र जोरात वारा येतो आणि एसीही गार करतो. येथील एका गॅरेजमध्ये दाखवले असता, डॅशबोर्ड उतरवून संपूर्ण वायरिंग बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. वडिलांना उपचारांसाठी भर उन्हात न्यावे लागते, त्यामुळे काम लवकर व्हायला हवे. एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

प्रतिसाद 1 :
वायरिंग बदलण्यास आपण तूर्त होकार देऊ नये. कमी वेगांसाठी वीज रेझिस्टरमधून (विजेचा प्रवाह कमी करणाऱ्या भागातून) जाते, तर सर्वांत वरच्या वेगाला ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते. म्हणून बहुधा रेझिस्टर किंवा त्यातील थर्मल फ्यूज (जास्त तापल्यास वीज तोडणारा फ्यूज) गेला असावा. हा भाग बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे, वाऱ्याच्या मार्गातच बसवलेला असतो, कारण त्याच्या तापलेल्या तारांना तोच वारा थंड ठेवतो. साधारणपणे दोन स्क्रू काढले की तो हाती येतो.

मात्र तो का जळला, हे पाहिल्याशिवाय नवा बसवणे व्यर्थ आहे. आपल्याकडच्या धुळीने केबिन फिल्टर तुंबतो, वारा कमी होतो आणि रेझिस्टर तापत राहतो. मोटरचे बुश (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) झिजून ती जड फिरत असेल, तर ती जास्त करंट ओढते आणि प्लास्टिकचा कनेक्टर वितळतो. कनेक्टर काळवंडला असल्यास तो तेवढाच बदलावा; नव्या तारा मूळच्या जाडीच्या असाव्यात आणि जोड पीळ देऊन टेप गुंडाळलेले नसून क्रिम्प केलेले (धातूच्या टोपीत दाबून घट्ट बसवलेले) असावेत.

प्रतिसाद 2 :
सहमत आहे. गॅरेजऐवजी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे. जुना पुणे नाका किंवा होटगी रोडच्या बाजूला चौकशी करावी. जो क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारे यंत्र) लावून मोटरचा करंट आपल्यासमोर मोजून दाखवतो, त्यालाच काम द्यावे, आणि जो फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवू पाहतो, त्याच्याकडून गाडी तत्काळ परत घ्यावी, कारण मग फ्यूजऐवजी तारच जळते. डावीकडची मॅट ओली लागत असेल, तर एसीच्या पाण्याची ड्रेन नळीही त्याच वेळी साफ करून घ्यावी.