सी विंग ग्रुप : रात्री गेटपाशी उभा राहणारा मुलगा

*३०१ परांजपे काका, ९:०४*
काल रात्री साडेअकराला गेटपाशी एक मुलगा एकटाच पुटपुटत उभा होता. वॉचमनने विचारलं तर उत्तर नाही. ७०२ मधला आहे असं कळलं. सेक्रेटरींनी लक्ष घालावं.

*४०३ मनीषा, ९:०७*
मीपण पाहिलंय. मध्येच हसतो. डबल पर्सनॅलिटी असते ना, तसलं काहीतरी. अशांना ठाण्याला भरती करायला हवं. खाली मुलं खेळतात.

*७०२ अदिती, ९:३१*
काका, तो माझा धाकटा भाऊ. २४ वर्षांचा आहे. आई म्हणाली ग्रुपवर काही लिहू नकोस, पण लपवून लपवून तीच थकली आहे, म्हणून लिहिते. त्याला स्किझोफ्रेनिया आहे.

मनीषाताई, 'ठाण्याला भरती करा' हे मी ठाण्यातच राहून लहानपणापासून ऐकतेय. ते मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथे बरे होऊन घरी जाणारेही असतात.

आणि एका माणसात दोन माणसं, असा हा आजार नाही. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, त्या 'छिन्न'मुळे घोटाळा होतो. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं, तेव्हा त्यांना म्हणायचं होतं की विचार आणि भावना यांची एकमेकांशी असलेली जोड सुटते. आता मेंदूचे स्कॅन करणारेही त्याच्या जवळपासच आलेत. मेंदूतल्या भागाभागांचं आपसातलं बोलणं बिघडतं.

*२०३ देशपांडे मॅडम, ९:३५*
बोलणं म्हणजे काय गं? नीट सांग. मी ३० वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

*७०२ अदिती, ९:४९*
मॅडम, मेंदूतले लांबलांबचे भाग मिळून एकेक काम करतात, त्यांची जाळी असतात. आपण नुसते बसलो, काल काय झालं, लोक मला काय म्हणतील असं मनात घोळवत राहिलो, की एक जाळं जागं असतं. २००१ मध्ये मार्कस रायकल या अमेरिकन मेंदूतज्ज्ञांनी त्याला डिफॉल्ट मोड म्हटलं. हिशेब करताना, कोणाची सूचना ऐकताना दुसरं जाळं कामाला लागतं आणि पहिलं मागे सरतं. कोणाला कधी पुढे करायचं, हे बघणारं तिसरं, सेलियन्स नेटवर्क. ते म्हणजे गेटवरचा वॉचमन समजा. कोणाला थांबवायचं, कोणासाठी वर इंटरकॉम करायचा, हे तो ठरवतो.

या आजारात बऱ्याच जणांमध्ये या तिघांचा ताळमेळ चुकलेला दिसतो. काम चालू असतानाही पहिलं जाळं पुरतं मागे सरत नाही. आणि वॉचमन कशासाठीही इंटरकॉम वाजवतो. कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांचं खोकणं, सगळंच महत्त्वाचं, सगळंच आपल्याला उद्देशून.

*२०३ देशपांडे मॅडम, ९:५१*
आणि या आजारात आवाज ऐकू येतात म्हणतात, ते?

*७०२ अदिती, ९:५५*
आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो की हे आपलंच आहे. ती सूचना नीट पोचली नाही तर स्वतःचाच विचार दुसऱ्याच्या आवाजात येतो, असं मानतात. स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. कारण तेच, मेंदूला आधी माहीत असतं. आवाज ऐकू येणाऱ्या पेशंटना मात्र स्वतःच्या हाताचा स्पर्शही दुसऱ्याने केल्याइतकाच जाणवतो, असं लंडनमधल्या २००० सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. हे वाचलं त्या रात्री मी खूप रडले. तोवर मला वाटायचं, तो आमचं ऐकायचंच नाही म्हणून ऐकत नाही.

*४०३ मनीषा, ९:५८*
मग एमआरआय काढला की लगेच कळेल ना?

*६०४ सचिन, १०:०३*
नाही ताई. मी एमआरआय टेक्निशियन आहे. त्या अभ्यासांत माणसाला सांगतात, काही करू नका, नुसतं पडून राहा. रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावरून मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाच्या तालावर चालतो ते मोजतात. पण हे फरक पुष्कळ लोकांच्या सरासरीत दिसतात. एकाचा स्कॅन बघून आजार आहे की नाही, ते सांगता येत नाही. निदान डॉक्टर पेशंटशी आणि घरच्यांशी बोलूनच करतात. आमच्याकडे पाठवतात ते गाठ वगैरे नाही ना, याची खात्री करायला.

*४०३ मनीषा, १०:०६*
अदिती, मी लिहिलं ते चुकलं. पण मुलांसाठी भीती वाटते, हेही खरंच सांगते.

*७०२ अदिती, १०:१९*
ताई, बोललात ते बरं केलंत. या आजाराची माणसं दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतःच मार खाण्याची शक्यता जास्त असते. त्याच्या गोळ्या चालू आहेत, आवाज पुष्कळ मागे पडलेत. पण दोन गोष्टी एकदम सांगितल्या की अजून अडकतो.

काल काय झालं ते सांगते. साडेअकराला पाण्याचा पंप सुरू झाला. त्या घरघरीत त्याला स्वतःचं नाव ऐकू येतं. जेवता जेवता उठला, ताट ओट्यावर ठेवलं आणि आमटीचा हात तसाच घेऊन खाली गेला. खरंच कोणी हाक मारतंय का, हे बघायला. वॉचमनकाकांनी एका दमात विचारलं, कुठला फ्लॅट, काय काम, कोणाला भेटायचंय, नाव काय. तो पहिल्याच प्रश्नावर होता. चौथा येईपर्यंत सगळं निसटलं.

एवढंच मागते. लिफ्टमध्ये भेटला तर एकच प्रश्न विचारा आणि थांबा. दहा-पंधरा सेकंद लागतात. उत्तर येतं.

*१०५ स्मिता, १०:२४*
अदिती, तुला पर्सनलवर मेसेज केलाय. माझ्या मोठ्या दिरांबद्दल. उद्या फोन केला तर चालेल?

*७०२ अदिती, १०:२५*
कधीही करा काकू. आणि रात्रीबेरात्री गरज पडली तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

*३०१ परांजपे काका, १०:३१*
त्याचं नाव काय?

*७०२ अदिती, १०:३२*
निखिल.

*सेक्रेटरी, १०:४०*
वॉचमनशी सकाळी मी स्वतः बोलतो. पंपाचं बेअरिंग गेलंय, म्हणून तो आवाज. मिस्त्री उद्या ११ ला येतोय. दुरुस्तीला तासभर ठोकाठोक होईल. अदिती, निखिलला आधी सांगून ठेवशील का, की मी येऊन सांगू?