मदत हवी आहे : ख्रिसमसच्या गाण्यांना सर्फ गिटारचा तो ‘ओला’ आवाज कसा आणायचा?

गिटारवाल्यांनो, जरा मदत करा. डिसेंबरात सोसायटीच्या कार्यक्रमात आम्ही तिघं ख्रिसमसची गाणी सर्फ रॉकमध्ये (साठच्या दशकातलं, लाटांवरच्या सर्फिंगवरून नाव पडलेलं गिटारचं संगीत) वाजवणार आहोत. गाणारं कुणी नाही, नुसती वाद्यं. डोक्यात आहे तो द व्हेंचर्स या गिटार बँडचा १९६५ चा ख्रिसमस अल्बम. त्यातली गंमत म्हणजे गाणं सुरू होतं भलत्याच हिट गाण्याच्या तुकड्याने. ‘रुडॉल्फ’च्या आधी चक्क बीटल्सचं ‘आय फील फाइन’! आणि ‘स्ले राइड’मध्ये त्यांचंच १९६० चं ‘वॉक, डोन्ट रन’ घुसवलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चुकीचं गाणं लागलं.

सूर बसलेत, घोडं अडलंय आवाजापाशी. खऱ्या स्प्रिंग रिव्हर्बमध्ये (रिव्हर्ब म्हणजे आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) आवाज लोखंडी स्प्रिंगांतून फिरून येतो, त्यामुळे तळव्याने तारा दाबून छेडलं की थेंब पडल्यासारखं ‘टुपुक’ होतं. माझ्या डिजिटल पेडलमधून मात्र बाथरूममध्ये बसून वाजवल्यासारखं येतं. रिव्हर्ब वाढवला की चाल गढूळ, कमी केला की सगळं कोरडं ठणठणीत.

पेडल अँपच्या आधी लावू की इफेक्ट्स लूपमध्ये (अँपच्या आतल्या प्रीअँपनंतर पेडल जोडायची सोय)? सध्या ९ च्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच) तारा आहेत, जाड लावल्याने फरक पडेल का? आणि ट्रेमोलो पिकिंग (एकच सूर भरभर वर-खाली छेडणं) करताना दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतं, त्यावर काही उपाय?

लॉस स्ट्रेटजॅकेट्सचा २००२ चा ख्रिसमस अल्बम ऐकून झालाय (ते मेक्सिकन कुस्तीचे मुखवटे घालून वाजवणारे). अजून कुणाचं असलं काही माहीत असेल तर तेही सांगा.