चांदीची लक्ष्मी-गणपतीची नाणी विकताना फक्त वजनाचाच भाव?

देवगडकर_हापूस: आईकडे दिवाळीला घेतलेली लक्ष्मी-गणपतीची चांदीची नाणी साठलीत, सगळी ९९९ ची (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदी), दोन रंगीत आहेत नि सोबत लिमिटेड एडिशनचं कार्ड पण आहे. कणकवलीत सोनाराला दाखवली तर म्हणाला वजनाने घेईन आणि रंगीतवर घट लावणार, म्हणजे वजनात कापणार. मग घेताना चांदीच्या भावावर दिलेले जास्तीचे पैसे गेले का, की मुंबईत संग्राहक जास्त देतील? शिवाय रामदरबारचं एक तांब्याचं आहे, मागे ईस्ट इंडिया कंपनी १८१८, ऑनलाइन त्याचे लाखांत भाव दाखवतात...

खाडीपलीकडचा: गेले म्हणूनच समज. मजुरी नि ३ टक्के जीएसटी कोण परत देणार? त्यावर किती रुपये असं कुठे लिहिलंय का बघ, नसणारच, कारण चलनी नाणं फक्त सरकार काढतं, बाकी कंपन्या देवाचे छाप हवे तेवढे मारतात, दरवर्षी नवीन डिझाइन, मग तुझं जुनं कोण शोधत बसणार. संग्राहक सरकारी टांकसाळीच्या स्मारक नाण्यांमागे असतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून २०१० चं १००० रुपयांचं नाणं आलं, ३५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, म्हणजे नुसती चांदीच २८ ग्रॅम. पण तेही टांकसाळीच्या मूळ पॅकिंगमध्येच पाहिजे हां.

मालवणी_माणूस: १८१८ वाला आमच्याकडे पण आसा, जत्रेत घेतलेला 😂 कंपनीन देवाची नाणी कधी पाडल्यानच नाय रे!

चिपळूणची_ताई: आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) रुपयेच मांडतात. एकेक ११.६६ ग्रॅमचा नि जवळजवळ ९२ टक्के चांदी, मोडायचं म्हटलं तरी पैसे होतात. १९४० ते १९४५ चे जॉर्ज राजाचे रुपये घेताना मात्र बघून घ्या, त्यात चांदी निम्मीच, नि १९४७ च्यात तर नाहीच. आणि ठेवायचे असतील तर टूथपेस्ट, रांगोळी काही घासू नका, चरे पडले की संग्राहक हात लावत नाही. आपल्याकडे दमट हवेत भराभर काळी पडतात, म्हणून प्रत्येक नाणं प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. पूजेत पंचामृत पण नको त्यांच्यावर.

खाडीपलीकडचा: @मालवणी_माणूस कधीच नाही असं नाही हां, मद्रासकडे कंपनीनेच विष्णूच्या छापाची पगोडा नावाची नाणी पाडली होती, सोन्याची. रामदरबार १८१८ मात्र शंभर टक्के बोगस.

देवगडकर_हापूस: ओके, मग रंगीतवाली दोन आधी मोडतो.