पठारावरचा मेंढका गलबतावर : पटतं का?

सिंहगडरोडकर
मी लिहितेय त्या अद्भुत कादंबरीतल्या जगाला दोन चंद्र आहेत. त्यात भिवा नावाचा तिशीतला मेंढका दुष्काळात कळप गमावतो, बंदरावर येतो, गलबतावर खलाशी होतो आणि तिसऱ्या प्रकरणात शीड सांभाळतो. सगळे मिळून चार प्रसंग. रविवारी कोथरूडला मित्रमंडळींत वाचलं, तर निम्मे म्हणाले, याला काढ, नाहीतर सरळ कोळ्याचा पोर कर. मला तो मेंढकाच हवाय.

दर्याची_लेक
कोळ्याचा पोर करा. माझं माहेर हर्णैचं. आमच्याकडे पोरगं कळायला लागल्यापासून होडीत असतं. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की परतायचं, हे अंगात मुरायला वर्षं जातात. तुमचा तिशीतला माणूस तिसऱ्या प्रकरणात शीड सांभाळतो? नाही पटत.

कात्रजपलीकडचा
मेंढक्याला समुद्र परका, हेच आधी चूक आहे. फलटण-बारामतीकडचे कितीतरी धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्यासुद्धा त्यावरच. भात कापलेल्या शेतात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाआधी वर येतात, कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. आमच्या बाजूने हे कळप जाताना मी लहानपणापासून बघतोय.

आणि रात्री मेंढरं कशात कोंडतात? वाघरीत. म्हणजे जाळ्यात! ते फाटलं की विणायचं कोणी? त्यानेच. गाठ मारणं, दोर वळणं, पाळीने जागणं, अंधारात बारीक आवाज ओळखणं, एवढं घेऊन आलेला माणूस कुठला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, परत पाठवेल? त्याचं पूर्वायुष्य परिच्छेदभर सांगू नका. त्याला फाटकं जाळं हातात घेऊ दे, बस.

पेठेतली_वाचक
चार प्रसंगांच्या माणसाला दोन आयुष्यं कशाला? मी वाचताना नायिकेच्या मागे असते, मध्येच याचा दुष्काळ आला की धागा सुटतो. एक काय ते ठेवा.

दर्याची_लेक
वाघरीचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग त्याला जाळ्यावरच बसवा, शिडाला हात नको. आणि भरतीत तो चुकलाच पाहिजे. आपल्याकडे एका चंद्राचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि भांग, म्हणजे लहान भरती, सांभाळताना जीव जातो. तुमच्याकडे दोन चंद्र एका रेषेत आले तर पाणी कुठवर चढेल, हे डोंगरातल्या माणसाला कसं कळेल?

सिंहगडरोडकर
चौथ्या प्रसंगात नांगर कुठे टाकायचा हे तोच सांगतो. मग तो प्रसंग काढते.

कात्रजपलीकडचा
काढू नका! त्याने वीस वर्षं उघड्यावर रात्री काढल्यात. दोन्ही चंद्र कधी जवळ येतात हे त्याला तोंडपाठ असणार. पाणी किती चढतं ते म्हाताऱ्या तांडेलाला माहीत. दोघांना बोलू द्या ना एकमेकांशी.