मदत हवी आहे: कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर तणमोर उरलाय का, कसा शोधू?

नमस्कार मंडळी,

मी कर्जत तालुक्यातला (जि. अहिल्यानगर). रेहेकुरीच्या काळविटांमुळे माळावर फिरायची सवय लागली. चंडोल, धाविक, पखुर्डी हे माळावरचे पक्षी ओळखता येतात. अडलंय ते तणमोरापाशी. आमच्याकडे तो संपला असं सगळेच सांगतात, पण सांगणाऱ्यांपैकी ऐन पावसाळ्यात गवतात कोण किती फिरलं, हे विचारलं की विषय बदलतो.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: माळढोकाच्याच कुळातला, पण साधारण कोंबडीएवढा पक्षी. नरापेक्षा मादी मोठी. एरवी दोघंही गवतात बेमालूम मिसळतात. पावसाळ्यात मात्र नर काळा होतो, पंखावर पांढरा डाग, डोक्यामागे बारीक लांब पिसं, आणि गवताच्या वर माणसाच्या उंचीइतक्या उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा. या उड्यांनीच त्याचा घात केला. ब्रिटिश अमदानीत शिकारी नेमके विणीच्या दिवसांत त्याला टिपायचे. उरलेलं काम माळ नांगरून आणि 'पडीक' म्हणून त्यावर झाडं लावून आपण केलं. २०२१पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे.

आता माझं प्रकरण. ओळखीचे एक धनगर मामा पावसाळ्यात मेंढरं घेऊन श्रीगोंद्याच्या बाजूला असतात. ते म्हणाले, "उडदाच्या बांधाला काळं पाखरू हाय, चेंडूवानी उसळतंय अन् परत गवतात बुडतंय." मी फोटो मुद्दाम दाखवला नव्हता. डोक्यावर काही होतं का, एवढंच विचारलं. म्हणाले, "मागं शेंड्या हुत्या की." चंडोल गात वर चढतो, पण तो चिमुकला, काहींना तुरा असला तरी मागं लांब शेंड्या कुठल्या? मी पोचेपर्यंत उडीद निघाला होता आणि रान मोकळं.

यंदा नीट शोधायचंय. जाऊन आलो, दिसला नाही, असं नको. नाही सापडला तरी त्या 'नाही'ला काही किंमत असावी, असं कसं करू? पाऊस कमी झाला तर तो त्या भागात येतच नाही म्हणतात, मग एका वर्षाच्या शोधावरून काही बोलता येतं का? गवतात चालत जावं की एका जागी उभं राहावं? मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचा सल्ला एकाने दिला, मला तो पटला नाही. आणि सापडलाच तर सांगायचं कुणाला? फोटो व्हॉट्सॲपवर गेला की दुसऱ्या दिवशी बांधावर गाड्यांची रांग लागेल, ही भीती आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

आवाज वाजवू नका, हे बरोबर. ड्रोनही नको. विणीचा पक्षी आहे, शिवाय वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेला. गवत तुडवत फिरलात तर नर दबून बसेल आणि मादी अंडी सोडून जाईल. अंडी जमिनीवरच असतात.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, सकाळी लवकर आणि संध्याकाळी, उंचवट्यावर दुर्बीण घेऊन उभे राहा. ढगाळ दिवस असेल तर दुपारीही उड्या चालू असतात. नर ठरलेल्या जागीच उडतो, त्यामुळे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणं जास्त उपयोगाचं. उडी मारताना पंखांचा टरटर आवाज होतो, बेडकाच्या डरावण्यासारखा. पावसाळ्यात तो बेडकांतच हरवतो, म्हणून पाण्यापासून दूर कोरड्या माळावर 'बेडूक' ऐकू आला की थांबा.

तुमच्या 'नाही'ला किंमत यावी म्हणून प्रत्येक वेळी लिहून ठेवा: जागा, वेळ, किती वेळ थांबलात, पाऊस, गवताची उंची, चराई, मोकाट कुत्री. नर दिसला तर पक्षी आहे, हे पक्कं. नाही दिसला तर 'त्या जागी, त्या हंगामात नाचणारा नर नव्हता' एवढंच म्हणता येईल. मादी तुमच्या पायाजवळून निसटली तरी कळणार नाही. निदान दोनतीन चांगले पावसाळे बघितल्याशिवाय 'संपला' लिहू नका.

आणि माणसांना विचारा. अकोला-वाशिमकडे तणमोराची माहिती मिळाली ती फासेपारध्यांकडून. पूर्वी जे त्याला फाशात धरायचे, त्यांना तो कुठे उतरतो हे चांगलं ठाऊक. तुमच्याकडेही पारध्यांची वस्ती असेल. विश्वास बसेपर्यंत नुसता चहा प्या, वही काढू नका.

सापडला तर वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवा, पोच घ्या. बाहेर फक्त तालुका सांगा. शेतकऱ्याला मात्र आधी सांगा. काढणी त्याच्या हातात आहे.

धागाकर्ता:

खूप आभार. शेतकऱ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. उडीद साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला निघतो, म्हणजे पिल्लं असलीच तर नेमकी तेव्हा गवतात. बांधाकडेचा पट्टा पंधरा दिवस उशिरा कापायला कुणी तयार झालंय का तुमच्या भागात? आणि त्याबदल्यात काय दिलंत? मामा यंदा मृग बरसला की मेंढरांचा वाडा कुठे टाकणार ते कळवणार आहेत. पुणे-नगर बाजूचं कुणी जुलैत सोबत यायला तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुर्बीण स्वतःची आणा, माझ्याकडे एकच आहे.